गाडीच्या काचांवरची जुनी काळी फिल्म घरीच काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत तीन-चार गाड्यांच्या काचा मी मोकळ्या केल्या आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर प्रश्न येतायत. पाहुणे विचारतात, पाहुण्यांचे मित्र विचारतात, कधी कधी गाडीजवळ उभं राहून कुणी व्हिडिओ कॉलच लावतं. तेच ते प्रश्न इथं एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. फिल्म काढणं सोपं आहे, अवघड असतो तो तिच्याखालचा गम. फिल्म ओढून काढली तर पाच मिनिटांत निघते आणि पुढं दोन दिवस गम खरवडत बसावं लागतं. फिल्म तापवून सावकाश काढली तर गम तिच्याबरोबरच येतो.

१. जुनी गाडी घेतली. काळी फिल्म आधीच्या मालकानं लावलीय. ती मी काढायलाच पाहिजे का?

हो, काढायला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला आणि ४ मे २०१२ पासून गाडीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवायला देशभर बंदी आली. त्याआधीपासून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० होताच. त्यानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. नियम केंद्राचा असल्यामुळं कागलच्या पुढं निपाणीला गेलात तरी तोच लागू. फिल्म कुणी लावली हे रस्त्यावर कुणी विचारत नाही, गाडी आज ज्याच्या हातात आहे त्याला जाब द्यावा लागतो. सवलतीचा विचार होतो तो फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत काढा असंच आहे. आपल्याकडं गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागं दिवा सोडा, रिफ्लेक्टरही नसतो. पंधरा वर्षांची जांभळी पडलेली फिल्म बाजूच्या काचेवर असेल तर गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना डावीकडून येणारी ट्रॉली दिसतच नाही. माझ्या पहिल्या गाडीची फिल्म मी याच कारणानं काढली.

२. काचा कंपनीतूनच हिरवट आहेत. ही पण फिल्मच म्हणायची का?

नाही. तो रंग काचेतच असतो, तो निघत नाही आणि काढायचीही गरज नाही. ओळखायचं असं : बाजूची काच अर्धी खाली घ्या आणि तिची वरची कड जवळून बघा. फिल्म असेल तर काठाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडं ती संपलेली दिसते आणि तेवढी काच मोकळी राहिलेली असते. तिथं नखानं हलकं खरवडलं की थर लागतो. काचेलाच रंग असेल तर तो अगदी काठापर्यंत एकसारखा असतो.

३. फिल्म जांभळी पडलीय, बुडबुडे आलेत. अशी फिल्म लवकर निघते की उशिरा?

जांभळा रंग म्हणजे फिल्ममधला डाय उन्हानं मेला. स्वस्त फिल्म म्हणजे रंगवलेलं पॉलिएस्टर. अतिनील किरणांनी त्या रंगातले काही भाग आधी विरतात आणि जांभळा तेवढा मागं उरतो. बुडबुडे आले म्हणजे तिथं गमनं काच सोडलीय.

काढायच्या दृष्टीनं जांभळी फिल्म त्रासदायक असते. जुनं पॉलिएस्टर ठिसूळ होतं आणि ओढताना बोटाएवढ्या चिंध्या होऊन फाटतं. बुडबुडे मात्र कामाला येतात. बुडबुडा कोपऱ्याजवळ असेल तर सुरुवात तिथूनच करा.

४. काय काय सामान लागेल?

बरंचसं घरात सापडतं. हेअर ड्रायर, फवारणीची बाटली, भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब घातलेलं लिटरभर पाणी, तीन-चार मायक्रोफायबर कापडं, दोन जुने टॉवेल. बाहेरून आणायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. केमिकलच्या दुकानात मिळतं, नाहीतर मेडिकलमध्ये विचारा. सोबत दाढीच्या पत्त्यांचं एक पाकीट आणि पत्ती धरायला प्लॅस्टिकचा स्क्रॅपर घ्या. पत्त्यांत काटकसर करू नका, एका काचेला दोन तरी लागतात. पत्ती बोथट झाली की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की काचेवर ओरखडा उमटतो.

मागच्या काचेला पत्ती अजिबात वापरायची नाही. का, ते प्रश्न ८ मध्ये.

५. बाजूची काच पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची?

आधी दाराच्या हँडलवरची काच वर-खाली करायची बटणं टॉवेलनं झाका. दारात पाणी गेलं तर खालच्या भोकांतून निघून जातं, बटणांत गेलेलं मात्र आतच राहतं. माझ्या माहितीत फिल्म काढताना झालेलं सगळ्यात महाग नुकसान याच बटणांचं आहे.

काच दोन बोटं खाली घ्या म्हणजे वरचा काठ हाताशी येईल. आता एका माणसानं बाहेरून ड्रायर धरायचा. हो, बाहेरून, फिल्म आत असली तरी. काच तापली की गम काचेच्या बाजूनं मऊ होतो आणि फिल्म पोळून आकसत नाही. एकटेच असाल तर आतून धरा, पण एका जागी थांबू नका. वीतभर अंतर ठेवून वरच्या कोपऱ्याभोवती दोन-तीन मिनिटं गोल गोल फिरवा. काचेवर तळहात टेकवून बघा. चटका बसून लगेच काढावा लागला तर जास्त झालं. तीन-चार सेकंद ठेवता आला आणि मग नको वाटलं, तर बरोबर झालं.

कोपरा नखानं सोडवा. नख चालत नसेल तर पत्तीचं टोक फक्त तिथंच, अर्धा सेंटिमीटर सरकवा. दोन बोटांत धरण्याएवढं टोक सुटलं की ओढायचं काचेला जवळजवळ चिकटून, खालच्या दिशेनं. आपल्याकडं सरळ ओढायचं नाही. सरळ ओढलं की फिल्म येते आणि गम काचेवरच राहतो. वेग किती, तर मिनिटाला चार बोटं. ड्रायर ओढणाऱ्या हाताच्या बोटभर पुढं चालत राहिला पाहिजे.

नीट चाललंय की नाही हे कानालाही कळतं. गम सुटत असताना बारीक, एकसारखी चर्रर्र येते. ती थांबून कट्ट असा आवाज आला की गम मागं राहिला समजा. तिथंच थांबा, अर्धा मिनिट परत तापवा, मग पुढं चला. सुटलेल्या काचेवर बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर जिंकलात. चिकट, ठिपक्याठिपक्यांची लागली तर उष्णता कमी पडतेय.

खाली रबराच्या पट्टीजवळ आलात की काच पूर्ण वर घ्या. फिल्म त्या रबराच्या थोडी आत गेलेली असते. रबर प्लॅस्टिकच्या चमच्यानं जरा दाबून धरा, फिल्मचा उरलेला काठ वर येतो. दारपॅड उघडायची गरज मला एकदाही पडलेली नाही.

पहिली काच पाऊण तास खाईल. चौथ्या काचेला पंचवीस मिनिटं पुरतात, हाताला अंदाज येतो.

६. वरचा काळा थर निघाला, पण खाली पारदर्शक थर राहिला. आता काय करू?

चांगली फिल्म दोन पदरांची असते. पाण्यानं आणि वयानं पदर सुटतात, ओढल्यावर वरचा रंगीत पदर हातात येतो आणि खालचा काचेवर राहतो. माणसाला वाटतं काम झालं, कारण काच पारदर्शक दिसते. पण तिच्यावर पाणी नीट पसरत नाही आणि नखाला ती प्लॅस्टिकसारखी लागते.

हा पदर नुसता तापवून निघत नाही, त्याला ओलावा लागतो. साबणाचं पाणी भरपूर मारा, वर ओला टिश्यू किंवा जुन्या सुती धोतराचा तुकडा चिकटवून अर्धा तास सोडून द्या, कापड वाळू देऊ नका. वरचा पदर नसल्यानं पाणी आता गमपर्यंत पोचतं. मग कोपऱ्यापासून पत्ती सरकवली की तो पापुद्र्यासारखा उचलतो. बाजूच्या काचांना हे चालतं. मागच्या काचेला हेच करा, फक्त पत्तीऐवजी प्लॅस्टिकचं कार्ड घ्या.

७. फिल्म निघाली, पण काचभर गम आहे. कशानं काढू?

आयपीए. कोरड्या गमवर ते लगेच उडून जातं, म्हणून कापड भिजवून काचेवर टेकवा आणि दोन मिनिटं तसंच धरून ठेवा. गम पांढरा, सायीसारखा झाला की पुसा. दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर इथला गम तिथं फासला जातो. सॅनिटायझरनंही जमतं, कारण त्यात मुख्यतः अल्कोहोलच असतं. फक्त जेलवाला असेल तर नंतर पाण्यानं पुसावं लागतं.

जाड थर असेल तर आधी पत्ती. काच ओली हवी, पत्ती नवी हवी, काचेशी साधारण तीस अंशांत धरायची आणि एकाच दिशेनं, पुढं ढकलायची. मागं ओढायची नाही. मागं ओढताना पत्तीखाली अडकलेला वाळूचा कण काचेला रेघ पाडतो. काच त्या कणानं खरचटते, पत्तीनं नाही. म्हणून पत्ती लावण्याआधी काच धुऊन घ्या, विशेषतः शिरोली-गोकुळ शिरगाव भागात रोज जाणारी गाडी असेल तर. फाउंड्रीची धूळ साध्या मातीपेक्षा खरखरीत असते.

अल्कोहोल पेट घेतं. दारं उघडी ठेवा, गाडीत विडी-सिगारेट नको, आणि ते लावलं असताना ड्रायर किंवा हीट गन (खूप गरम हवा फेकणारं यंत्र) चालू करायची नाही. आधी उष्णता, ती पूर्ण संपली की मग अल्कोहोल.

८. मागच्या काचेवर आडव्या रेघा आहेत. त्या न बिघडता फिल्म कशी काढायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं.

त्या रेघा डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या यंत्रणेच्या. चांदी मिसळलेल्या रंगानं त्या काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात आणि फिल्म बरोबर त्यांच्यावरच चिकटवलेली असते. पत्तीचा एक फटका बसला की रेघ तुटते. तुटली की ती अख्खी रेघ गेली, कारण वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाते आणि मध्ये खंड पडलेला चालत नाही. मी स्वतः दुसऱ्या गाडीला घाई करून अशा तीन रेघा घालवल्या. त्या पावसाळ्यात गगनबावड्याहून परत येताना मागची काच धुक्यानं भरली. बटण दाबल्यावर सगळी काच हळूहळू मोकळी झाली, पण मधोमध चार बोटांचा पांढरा पट्टा तसाच राहिला आणि मागच्या गाडीचे दिवे नेमके त्याच पट्ट्यात होते. तेव्हापासून मागच्या काचेच्या आसपास मी पत्ती ठेवतच नाही.

काम सुरू करण्याआधी डिफॉगर तपासा. काचेवर आतून तोंडाची वाफ सोडा, बटण दाबा आणि कुठल्या रेघेभोवतीची वाफ जात नाही ते बघून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा. आधीच मेलेल्या रेघेचं पाप नंतर तुमच्या हातावर यायला नको.

मग इंजिन चालू करून डिफॉगर दहा मिनिटं लावा. गाडी मोकळ्या जागेत हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. रेघांखालचा गम आतूनच मऊ होतो, फुकटची हीट गन. बऱ्याच गाड्यांत तो थोड्या वेळानं आपोआप बंद होतो, परत दाबा. बाहेरून दुसऱ्या माणसाकडं ड्रायर. ओढायचं मात्र आडवं, रेघांच्या दिशेनं, डाव्या काठाकडून उजव्या काठाकडं. उभं ओढलं तर प्रत्येक रेघेवर गम झटका देतो. बाजूच्या काचेच्या निम्म्या वेगानं चला. दोन तास लागले तरी लागू देत.

गम राहिला तर आयपीए आणि मऊ कापड, पुसणंही आडवंच. मी अर्ध्या काचेवर भिजवलेलं कापड पसरतो, वर प्लॅस्टिकची पिशवी लावतो म्हणजे अल्कोहोल उडत नाही, आणि दहा मिनिटांनी पुसतो. तारेची घासणी, खरखरीत हिरवी घासणी, सुरी, यातलं काहीही नको. दोन्ही टोकांना तार जिथं जोडलेली असते तिथं पाणी साचू देऊ नका आणि कापड अडकू देऊ नका, ती पत्री उपटली की दुरुस्ती किचकट.

मागच्या सीटवर आणि स्पीकरवर जुनी चादर टाका. काही गाड्यांच्या मागच्या काचेवर रेडिओची अँटेनाही छापलेली असते. ती डिफॉगरच्या रेघांपेक्षा वेगळ्या नक्षीची दिसते, काळजी तीच घ्यायची.

९. रेघ तुटलीच. आता काच बदलायची का?

काच बदलायची गरज नाही. डिफॉगर दुरुस्तीचा चांदीचा, वीज वाहून नेणारा (कंडक्टिव्ह) रंग छोट्या बाटलीत मिळतो. तुटलेली जागा शोधायला मल्टिमीटर घ्या : डिफॉगर चालू असताना एक टोक बॉडीला लावा आणि दुसरं रेघेवरून हळूहळू सरकवा. व्होल्टेज जिथं एकदम उडी मारेल तिथं खंड. ती जागा आयपीएनं पुसा, रेघेच्या वर-खाली चिकटपट्ट्या लावून मध्ये रेघेएवढीच फट ठेवा, रंग पातळ दोन-तीन हात लावा, पूर्ण वाळू द्या. बारीक खंड यानं जोडला जातो. बोटभर लांबीची रेघच खरवडली गेली असेल तर हा रंग फार काळ टिकत नाही.

१०. हेअर ड्रायर पुरतो की हीट गन घ्यावी? पावसाळ्यात करता येईल का?

ड्रायर पुरतो, वेळ थोडा जास्त लागतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं ड्रायरच वापरावा असं मी सांगतो, कारण हीट गन कित्येक शे अंशांपर्यंत जाते आणि दाराचं रबर, दारपॅड, छताचं कापड क्षणात वितळतं किंवा जळतं. कपड्यांना वाफ देणारा स्टीमर असेल तर तो सगळ्यात उत्तम, ठिसूळ जांभळ्या फिल्मला तर तोच. वाफेत उष्णता आणि ओलावा दोन्ही असतात. फक्त बटणं आणि वायरिंग झाकायचं.

आपल्याकडं मार्च-एप्रिलची दुपार म्हणजे वरदान. गाडी काच उन्हाकडं करून बंद अवस्थेत तासभर उभी करा, निम्मं काम सूर्य करतो. मग सावलीत घेऊन सुरू करा, नाहीतर आत बसून माणूसच शिजतो. जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. करायचंच झालं तर शेडखाली, आणि एका दिवशी एकच काच. डिसेंबरच्या सकाळीही काच थंडगार असते, ऊन वर येऊ द्या.

११. व्हिडिओत काळी पिशवी आणि अमोनिया वापरतात. ते कसं वाटतं?

वापरू नका. त्या व्हिडिओंत घरगुती वापराचा पातळ अमोनिया असतो. आपल्याकडं केमिकलच्या दुकानात अमोनिया मागितला तर बहुतेक वेळा लायकर अमोनिया हातात येतो, साधारण २५ टक्क्यांचा. बंद गाडीत, उन्हात, त्याचा वास डोळे-घसा भाजून काढतो. चुकून ब्लीचशी गाठ पडली तर विषारी वायू तयार होतो. दारपॅड आणि सीटच्या कापडालाही तो चांगला नाही.

काळ्या पिशवीची युक्ती मात्र अमोनियाशिवायही चालते. काचेवर बाहेरून साबणाचं पाणी मारून पिशवी चिकटवा, आतून फिल्मवरही पाणी मारून दुसरी चिकटवा, आणि तासभर उन्हात ठेवा. काळा रंग ऊन शोषतो, पाणी वाळत नाही.

१२. तापवताना काच फुटेल का?

एकसारखी हळूहळू तापवली तर नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या असतात. त्या ड्रायरची उष्णता सहज सोसतात. धोका एकाच बिंदूवर हीट गन रोखून धरण्यात, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारण्यात आहे. फवारणीचं पाणी कोमट ठेवा. काठाला आधीच टवका उडाला असेल तर ती काच घरी तापवूच नका, टफन्ड काच काठावरूनच फुटते आणि फुटली की पूर्ण भुगा होतो.

१३. रॉकेल, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर?

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर गम काढतात, पण थेंब दारपॅडवर पडला की प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा विरघळतं. पेट्रोल गाडीच्या आत कधीच नको, वाफ साचते आणि एक ठिणगी पुरते. रॉकेल गम सोडवतं, पण तेलकट थर ठेवतं आणि वास आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल चालतं, धोका नाही, फक्त रात्रभर लावून ठेवावं लागतं आणि नंतर साबणानं दोनदा धुवावं लागतं. घरात लहान मुलं असतील आणि केमिकल आणायचंच नसेल, तर खोबरेल.

१४. पुढच्या काचेवरची वरची पट्टी कशी काढू?

पद्धत प्रश्न ५ मधलीच, उष्णता कमी. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा, तिला एका जागी फार तापवू नये. फास्टॅग जवळ असेल तर त्याला ड्रायर आणि पाणी दोन्हींपासून वाचवा. काचेवरून सोलला गेलेला फास्टॅग पुन्हा चालत नाही, नवीन घ्यावा लागतो. आरशामागं कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्या आसपास फवारायचं नाही, कापडच ओलं करायचं.

१५. काचेच्या काठावर काळे ठिपके आहेत, तिथं पांढरट पट्टा राहिलाय. तो जात नाही.

ते ठिपके काचेवर भाजलेल्या सिरॅमिक रंगाचे. पृष्ठभाग खडबडीत असल्यानं फिल्म तिथं नीट बसतच नाही आणि गम खाचांत अडकतो. पत्ती लावली तर ठिपकेच खरवडले जातात आणि ते परत येत नाहीत. जुना मऊ टूथब्रश आयपीएत बुडवून गोल फिरवा. थोडा पांढरेपणा राहिला तर राहू द्या, बाहेरून तो दिसत नाही.

१६. मागच्या दारातली छोटी तिरकी काच?

कोपरे इतके निमुळते असतात की ड्रायरपेक्षा वाफ बरी. ओढायची सुरुवात सगळ्यात अरुंद कोपऱ्यातून करायची. पाच-दहा मिनिटांचं काम.

१७. फिल्म बाहेरच्या बाजूनं लावलीय. वेगळं काही?

क्वचित दिसते. काढायला सोपी, कारण जागा मोकळी मिळते. पण ती ऊन-पाऊस खाऊन चुऱ्यासारखी झालेली असते, म्हणून सरळ प्रश्न ६ मधली ओल्या कापडाची पद्धत वापरा. खाली रंगावर टॉवेल ठेवा, गमचे थेंब पेंटवर वाळले तर डाग पडतो.

१८. काढल्यावर ऊन फार लागतं. कायद्यात बसणारी फिल्म असते का?

नियम १०० मध्ये १ एप्रिल २०२१ पासून बदल झाला आणि सेफ्टी ग्लेझिंगचा उल्लेख आला, त्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं, की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावता येते. त्यामुळं बाजारात पारदर्शक, उष्णता अडवणाऱ्या फिल्म विकल्या जातायत.

दुकानदार सहसा सांगत नाहीत ते गणित इथं सांगतो. फिल्मवर ७० टक्के लिहिलंय म्हणून काचेतून ७० टक्के उजेड येत नाही. समजा तुमची काच मुळात ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर उरतो ७५ च्या ७० टक्के, म्हणजे ५२.५. बाजूच्या काचेला हे जेमतेम बसतं, मागच्या काचेला बसत नाही. म्हणून विकत घेताना फिल्मचा नाही, फिल्म आणि काच मिळून आकडा मागा आणि बिलावर लिहून घ्या. काळसर काहीही घेऊ नका. नाक्यावरचा हवालदार डोळ्यानंच बघतो आणि वाद घालत तुम्हालाच उभं राहावं लागतं.

माझ्या गाडीला मी परत काही लावलेलं नाही. उभी करताना पुढं चांदीचा सनशेड टाकतो, निघताना दोन मिनिटं सगळ्या काचा खाली घेतो.

१९. एवढं करण्यापेक्षा दुकानात का नाही द्यायची?

जरूर द्या, विशेषतः मागच्या काचेला डिफॉगर असेल आणि तुमच्या हाताला अशा कामाची सवय नसेल तर. बाजूच्या चार काचा घरी करून फक्त मागची दुकानात दिली तरी चालतं. उद्यमनगरात किंवा कुठंही गेलात तरी भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा : "मागच्या काचेच्या रेघा कशा वाचवणार?" उत्तरात वाफ, डिफॉगर चालू ठेवणं, भिजवणं असं काही आलं तर गाडी द्या. "काही होत नाही ओ, पत्तीनं काढतो" असं आलं तर चावी खिशात ठेवा. आणि गाडी देण्याआधी डिफॉगर चालू करून त्यांच्यासमोर दाखवा.

२०. सगळं झालं, दिवसा काच लख्ख दिसते. पण रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलय येतं. असं का?

गमचा पातळ थर राहिलाय. दिवसा तो दिसत नाही, रात्री तिरप्या उजेडात उमटतो. रात्री गाडीत बसा, दुसऱ्याला बाहेरून मोबाइलची बॅटरी काचेला अगदी चिकटवून तिरपी धरायला सांगा. जिथं धुरकट पट्टे दिसतील तिथं आतून स्केच पेनानं खूण करा. सकाळी तेवढ्याच जागा आयपीएनं पुसा, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या वर्तमानपत्रानं. संध्याकाळी परत बॅटरी लावून बघा. मला बहुतेक गाड्यांना हे दोनदा करावं लागलंय, आणि दर वेळी शेवटचा पट्टा ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यात सापडलाय, जिथून बाजूचा आरसा बघतो तिथंच.